प्री-वेडिंगवर बंदी घालणाऱ्या समाज मंडळाला एका फोटोवाल्याचं खुलं पत्र

मा. अध्यक्षसाहेब, सचिवसाहेब आणि समस्त काकाजी-मामाजी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलाच. दिग्रस तालुक्यातली लग्नं शूट करता करता माझी वीस-बावीस वर्षं गेली अन् तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या घरचं साक्षगंध, हळद, लगन, बारसं सगळं माझ्या हार्डडिस्कमध्ये पडून आहे. मागच्या रविवारी तुमची बैठक झाली आणि रात्री माझं जेवण होत नाही तर ठरावाचा फोटो व्हॉट्सॲपवर हजर, एकानं नाही सतरा जणांनी पाठवला, काहींनी खाली हसणारी तोंडं लावून. फोटो तिरपा, अर्ध्या कागदावर कोणाच्या तरी अंगठ्याची सावली. निदान ठरावाचा फोटो काढायला तरी मला बोलवायचं होतं राजेहो.

ठराव असा की समाजात यापुढं कोणी प्री-वेडिंग शूट करायचं नाही, केलं तर ११,००० रुपये दंड, मंडळाचे पदाधिकारी त्या लग्नाला जाणार नाहीत, अन् जो फोटोग्राफर असं काम घेईल त्याला समाजानं पुढं काम देऊ नये. कारण दिलं आहे संस्कृती आणि खर्च. गाडगेबाबांचंही नाव घेतलं आहे.

पहिले जे बरोबर आहे त्याला बरोबर म्हणतो. फालतूपणा झाला आहे, आणि त्यात मीही होतो. दोन वर्षांपूर्वी एका पार्टीला पावसात भिजायचा सीन पाहिजे होता म्हणून पाण्याचं टँकर मागवलं, एप्रिल संपत आलेला, त्याच गावात बाया हातपंपावर पाण्याचे हंडे-गुंड घेऊन लायनीत उभ्या, अन् इकडं आम्ही पाइपनं पाऊस पाडून राहिलो होतो. एक म्हातारी धुऱ्यावर उभी राहून सगळं पाहत होती. बोलली काहीच नाही. मी शूट केलं, पैसे घेतले, घरी आलो, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही. तेव्हापासून पाण्याचा सीन माझ्याकडं बंद. रंगीत धुराच्या कांड्याही बंद, कारण वाळल्या पऱ्हाटीत ठिणगी पडली तर कास्तकाराचं वावर जाईन, फोटो काय करायचा मग. धरणाच्या पाण्यात उतरून पोज देणं तर मी कधीच केलं नाही अन् करणारही नाही, काठ चिकट असतो, घागऱ्यात पाणी भरलं की माणूस वर येत नाही.

आणि ती एलईडी वॉल. लग्नाच्या दिवशी स्टेजच्या बाजूला मोठ्ठी स्क्रीन लावून नवरदेव-नवरीचा व्हिडिओ चालवतात, त्यात तो तिला उचलून गोल फिरवते अन् समोरच्या खुर्चीवर तिची आजी बसून आहे, आजी पदर पुढं ओढते, बाप काहीतरी काम निघाल्यासारखा मांडवाबाहेर जाऊन उभा होते. हे मला पण आवडत नाही. दोघांच्या घरातली गोष्ट आठशे लोकांच्या पंगतीला काऊन वाढायची? तुम्ही स्क्रीनवर बंदी घातली असती तर मी पहिली सही केली असती, माझे स्क्रीनच्या भाड्यात दोन पैसे सुटतात तरी.

पण तुम्ही बंदी घातली शूटवरच. आणि तुमच्यातल्या कोणी शूट होताना पाहिलं आहे का, हा माझा साधा प्रश्न आहे. मी पाहिलं आहे, म्हणून सांगतो.

त्याच्या आधी जरा जुनी गोष्ट. मी धंद्यात आलो तेव्हा रोलचा जमाना संपत आला होता, एका रोलमध्ये ३६ फोटो, माझे उस्ताद बटण दाबायच्या आधी दोनदा श्वास घ्यायचे, अन् स्टुडिओचं बिनालग्नाच्या दिवसांतलं मोठं काम म्हणजे 'स्थळाचा फोटो'. पोरगी यायची मायसोबत, साडी नेसून, मागं धबधब्याचा पडदा, बाजूला प्लॅस्टिकच्या फुलांचा स्टँड, एक फोटो उभा, एक बसलेला, एक चेहऱ्याचा. तो फोटो पाकिटात घालून पोराच्या घरी जायचा, दहा घरी फिरायचा, काही घरून परतही यायचा नाही. आणि काकाजी, मला चांगलं आठवते, तुमच्यासारखीच वडीलधारी माणसं काउंटरवर वाकून हळूच सांगायची, "जराशी गोरी कर बाप्पा पोरगी." आम्ही करायचो. तेव्हा कोणाची संस्कृती बुडाली नाही. पोराचा फोटो त्या काळात कोणी मागितलेला मला आठवत नाही, मागितलाच तर पासपोर्ट साइज. प्री-वेडिंग आलं तेव्हा आमच्या भागात पहिल्यांदा पोरगाही कॅमेऱ्यासमोर उभा झाला, पोट आत घेऊन, हात कुठं ठेवायचे ते न समजून. कोणी मनावर घेवो न घेवो, मला तरी तो बदल मोठा वाटला.

आता शूट कसं होते ते ऐका. मे महिन्यात असेल तर आम्ही सहाच्या आत जागेवर असतो, कारण आपल्याकडं नऊ वाजता उन्हाचा जाळ होते अन् वरून पडणारं ऊन डोळ्याखाली काळे खड्डे पाडते, नवरी विशीची असली तरी पन्नाशीची दिसते. कार्तिक-मार्गशीर्षात कापूस फुटलेला असला तर वावरच बेस्ट, मी पार्टीला सांगतो की चिखलदऱ्याचा हट्ट सोडा, गाडीभाडं अन् जेवणात माझ्या रेटएवढे जातात, तुमच्या मामाच्या वावरात जे पांढरं दिसून राहिलं ते तिथं भेटणार नाही. फाल्गुनात पळस फुलला की अरुणावती धरणाच्या बाजूनं जातो. सामान म्हणजे दोन कॅमेरे, एक ८५ एमएमची लेन्स, एक ३५ची, अन् रिफ्लेक्टर म्हणून थर्माकोलची शीट, जी पोरीचा भाऊ धरून उभा असते. भाऊ नाही तर बहीण, मावशी, कोणीतरी. पोरीच्या घरचं माणूस नसेल तर मी कॅमेरा बॅगेतून काढत नाही, हा माझा नियम आहे, लिहून दाराला लावला आहे. कपडे बदलायला वावरातलं कोठ्याचं खोपडं असलं तर मेकअपवाली बाई पहिले आत जाऊन पाहून येते, मग पोरगी जाते.

त्या ८५ची एक गंमत आहे. चेहरा छान येते, मागचं सगळं धूसर होते, पण पूर्ण माणूस फ्रेममध्ये घ्यायचा तर तुम्हाला चांगलं पंधरा-वीस फूट लांब उभं राहावं लागते. म्हणजे मी लांब, भाऊ थर्माकोल घेऊन बाजूला, आणि ते दोघं मध्ये एकटे. ऑफ सीझनला मी यवतमाळ-अमरावतीच्या साडीवाल्यांचे, बुटीकवाल्यांचे फॅशन शूट करतो (आषाढी एकादशी ते तुळशीचं लग्न मुहूर्तच नसतात, चार महिने पोट कसं भरायचं), तिथं मॉडेलला सांगायचं असते की खांदा खाली, हनुवटी इकडं, कपडा दिसला पाहिजे. नवरा-नवरीला तसं सांगितलं की ते दुकानातल्या पुतळ्यासारखे होतात. म्हणून त्यांना मी एकच सांगतो, माझ्याकडं पाहू नका, चालत राहा आणि बोला.

आणि पहिले दहा मिनिटं काहीच बोलत नाहीत. पाहण्याच्या कार्यक्रमात चहाचा ट्रे घेऊन एकदा पाहिलेलं, साक्षगंधाला दोनशे लोकांत अंगठी घातलेली, फोनवर रोज बोलतात पण समोर आलं की जीभ टाळूला चिकटते. एका पोरानं पहिला प्रश्न काय विचारला असेल, तर "तुमच्या बाबांना कापसाला भाव किती भेटला?" मी तिकडून ओरडलो, अरे लग्नाचं बोल काहीतरी. पोरगी एवढी हसली की तोच फोटो अल्बमच्या पहिल्या पानावर गेला. मग सुरू झालं त्यांचं. एका पोरीनं विचारलेलं मी स्वतः ऐकलं, मी लेन्स बदलायला जवळ आलो होतो, "नर्सिंगची नोकरी लागली तर करू द्याल ना, आत्ताच सांगा." तो म्हणे आईला विचारून सांगतो. ती म्हणे, आईसोबत लग्न करून राहिले का मी. भाऊ थर्माकोलमागं तोंड लपवून हसत होता.

काकाजी, लग्नाच्या आठ दिवसांत त्या दोघांना दोन तास एकत्र कुठं भेटतात ते मला दाखवा. हळदीला ती तिच्या गावात, हा ह्याच्या गावात. लग्नाच्या दिवशी मुहूर्त पत्रिकेत ११ वाजून ५५ मिनिटांचा, आणि वरात मारुतीच्या पारावरून मांडवात यायला अडीच, कारण डीजेपुढं मित्रमंडळी हटत नाही, ४४-४५ डिग्रीत म्हाताऱ्या बाया दुपट्ट्यानं वारा घेत बसून, नवरी मेकअप पुसत बसून. मग मंगलाष्टकं सुरू होतील म्हणता म्हणता कोणी नेते येतात, त्यांचा सत्कार, त्यांचे दोन शब्द. मग स्टेजवर चार तास आहेर अन् फोटो. त्या दोघांना एकमेकांकडं मान वळवायलाही फुरसत नसते, मी सांगतो तेव्हा वळवतात.

डीजेवरून आठवलं. खर्चाची काळजी आहे ना मंडळाला? गाडगेबाबा ऋण काढून सण करू नका सांगत गावोगाव फिरले, शेंडगावचा माणूस, आपल्याच भागातला, त्यांचं नाव घेतलं तर मग सगळा हिशोब काढा. माझं प्री-वेडिंग एका दिवसाचं १२,००० रुपये, त्यातून मेकअप अन् पेट्रोल जाते. डीजे मागच्या सीझनला ३५,००० च्या खाली आला नाही. रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद हा नियम २००० सालापासून कागदावर आहे. त्यावर ठराव नाही. मोटारसायकल अन् सोन्याची चेन 'हौसेनं' मागणाऱ्यांवर ठराव नाही. फोटोवाल्यावर आहे, कारण फोटोवाला एकटा आहे अन् डीजेवाला तुमच्यातल्या एकाचा भाचा आहे. राग मानू नका, गावात सगळ्यांना माहीत आहे ते.

आता जे सांगायचं म्हणून हे पत्र लिहायला बसलो ते सांगतो. तीन वर्षं झाली. एक शूट होतं, पोरगा चांगल्या घरचा, दिसायला देखणा, बोलणं गोड. सकाळचे दोन तास मजेत गेले. मग ऊन चढलं, नाश्ता यायला उशीर झाला, आणि पोरीचा गाउन (भाड्याचा होता, मागं लांब शेपूट) काळ्या मातीत अडकून जरासा फाटला. तो जो पेटला. पहिले मेकअपवालीवर, मग पोरीवर, असे शब्द की मी इथं लिहू शकत नाही, आणि तिच्या दंडाला धरून त्यानं तिला असं हलवलं की माझा हात कॅमेऱ्यावरून खाली आला. तिचा भाऊ थर्माकोल टाकून धावत आला. अर्ध्या दिवसात शूट संपलं. गाडीत ती पोरगी भावाला एवढंच म्हणाली, "दादा, हे तर अजून लग्नाच्या आधीचं हाय."

पंधरा दिवसांनी ती सोयरीक मोडली.

मग प्रश्न आला फोटोंचा. ॲडव्हान्स पोराकडच्यांनी दिला होता. १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, त्याच्या १७ व्या कलमात असं आहे की पैसे देऊन कोणाकडून फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल तर पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे माझे नाहीतच, पोराकडच्यांचे. ओळखीच्या वकिलांनी पण हेच सांगितलं. पोरीचा भाऊ रोज स्टुडिओत येऊन बसायचा, काही बोलायचा नाही, फक्त बसायचा. शेवटी मी पोराच्या काकांना बोलावलं, ॲडव्हान्सचे ५,००० परत दिले, कागदावर दोघांच्या सह्या घेतल्या आणि त्यांच्यासमोर दोन्ही कार्ड फॉरमॅट केले, हार्डडिस्कमधून पण काढलं. त्या लग्नाची ६०,००० ची बुकिंग गेली ती वेगळी.

त्या पोरीचे बाबा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांना वाटते फोटो काढल्यानं दृष्ट लागली, नाही काढले असते तर लग्न झालं असतं. दुसरी गोष्ट त्यांची एकदम बरोबर आहे, लग्न झालं असतं. तुमच्या ठरावावर त्यांची सही आहे, कागदावर चौथी. मी त्यांना दोष देत नाही, गावात मोडलेल्या सोयरिकीचं ओझं बापाच्या डोक्यावर किती असते ते मला माहीत आहे. पण मला त्यांना एकदा भेटून सांगायचं होतं की बाबाजी, तुमच्या पोरीनं त्या दिवशी जे पाहिलं ते फोनवर कधीच दिसलं नसतं, फोनवर सगळेच गोड असतात, माणूस कळते तो ऊन चढल्यावर अन् नाश्त्याला उशीर झाल्यावर. ते समोरून आले की मी गाडीवरून उतरतो, ते दुसऱ्या बाजूनं जातात.

ठराव होऊन दहा दिवस झाले. या दहा दिवसांत मला तीन फोन आले, तिन्ही तुमच्याच घरांतून, नावं सांगत नाही. "दादा, ठराव आहे पण आपण गुपचूप करून टाकू, घरच्यांना सांगायचं नाही, दूर कुठंतरी जाऊ, फोटो स्टेटसला ठेवायचे नाहीत." मी तिघांनाही नाही म्हटलं, कारण घरी माहीत नसेल म्हणजे भाऊ सोबत नसणार, अन् माझा नियम मोडते. पण मी नाही म्हटलं म्हणून थांबतील का ते? यवतमाळला, नांदेडला माणसं भेटतात, शनिवार-रविवारी पोरं ट्रायपॉड घेऊन फिरून राहिली आहेत, कोणी काही विचारत नाही. धरणावर पोरगी एकटी, अनोळखी फोटोवाला, घरी कोणाला पत्ता नाही. हे चाललं तुम्हाला?

फोटोग्राफरला काम देऊ नये, ही ओळ तेवढी ठरावातून काढा. महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. धमकी समजू नका, मी कोर्टकचेरीचा माणूस नाही, लेन्सचे हप्ते भरायलाच दम लागते. पण लेटरहेडवर शिक्का मारून असं लिहिलं की उद्या कोणीही ते घेऊन पोलिस स्टेशनला जाऊ शकते, आणि अडकाल तुम्ही, म्हातारपणी.

अन् शेवटी एक गोष्ट, जी मी लिहू का नको लिहू करत होतो.

दरवर्षी अक्षय तृतीया आली की प्रशासनाचं आवाहन पेपरात येते, बालविवाह होऊ देऊ नका, भटजी, मंडपवाले, कॅटरर, पत्रिका छापणारे, फोटोग्राफर सगळ्यांनी वयाचा पुरावा पाहा, नाहीतर गुन्हा. २००६ चा कायदा, मुलगी १८, मुलगा २१, लग्न लावणाऱ्याला आणि मदत करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड. म्हणून मी बुकिंग घेताना आधार कार्ड किंवा टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) मागतो. मागच्या सीझनला एका बुकिंगला मागितली, तर पोरीचे मामा भडकले, "तू फोटो काढतं का तलाठी हायेस बे?" आणि उठून गेले. दुसरा फोटोवाला केला त्यांनी. लग्न झालं. पोरगी दहावीत होती हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. मंडळाचे तीन पदाधिकारी पहिल्या लायनीत बसून अक्षता टाकून आले, त्याचे फोटो त्या दुसऱ्या फोटोवाल्याच्या पेजवर अजून आहेत, जाऊन पाहा.

मी काय केलं? बुकिंग नाकारली. १०९८ ला फोन करता आला असता, फुकट लागतो, नाव सांगायची गरज नाही. गावातला ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याला सांगता आलं असतं. मी केलं नाही. सीझन होता, आठ दिवसांत सहा लग्नं होती, मी स्वतःला म्हटलं आपण नाही म्हटलं ना, झालं आपलं काम. आता ती पोरगी कधी कधी बाजारात दिसते, कडेवर लेकरू असते. मी दुसरीकडं पाहतो, तिच्या कदाचित ध्यानातही नसेल की मी कोण.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की ठराव करायचाच आहे तर पत्रिका छापायच्या आधी दोघांच्या टीसी मंडळात दाखवायच्या, असा करा. त्या कामाला मी फुकट बसायला तयार आहे, झेरॉक्स मशीन स्टुडिओत आहेच. स्क्रीन बंद करा. टँकर बंद करा. पत्रिकेतल्या मुहूर्ताला लग्न लावा, हे तर तुमच्या एका शब्दावर होऊ शकते. आणि शूटला पोरीकडचं माणूस सोबत असलंच पाहिजे असा नियम करा, बंदी काढा. चोवीस वर्षांची पोरगी अन् सत्तावीसचा पोरगा दोन तास वावरात चालत चालत बोलले तर काहीच बुडत नाही.

यंदा तसाही ज्येष्ठ अधिक आला आहे, १७ मे ते १५ जून तारखाच नाहीत, ऐन सीझनचा महिना गेला, त्यामुळे मी रिकामाच आहे. पुढची बैठक ठेवाल तेव्हा कळवा, येतो. सकाळी साडेनऊनंतर ठेवा, त्याच्या आधी उजेड चांगला असतो, कोणाचं काम निघालं तर मी वावरात असेन.

ता. क. सचिवसाहेब, मागच्या वैशाखातल्या तुमच्या घरच्या लग्नाचा अल्बम नागपूरहून छापून येऊन आता वर्ष होत आलं, कपाटात ठेवला आहे, पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून डांबरगोळ्या टाकल्या. ८,००० बाकी आहेत. पैसे नसतील तर तसाच घेऊन जा, पण घेऊन जा, सूनबाई दोनदा विचारून गेल्या.

तुमचाच,
बस स्टँडजवळचा फोटोवाला